बिनचेअरमनचा हंगाम

शनिवार, २ सप्टेंबर २०२३. सकाळी दहाच्या सुमारास मी विरजणापुरतं दही आणायला निघालो. अॅन आर्बरमध्ये लेकीच्या घरापासून दुकान पायी पंधरा मिनिटांवर. अमेरिकेत येऊन आठ दिवस झाले होते आणि तेवढ्यात रस्त्यावर मला एकंदर सात माणसं दिसली होती. त्यांतल्या पाचांना त्यांच्या कुत्र्यांनी फिरायला आणलं होतं. त्या दिवशी मात्र कोपऱ्यावर वळलो आणि थबकलोच. हजारो माणसं! सगळी पिवळ्या-निळ्या कपड्यांत, सगळी एकाच दिशेला निघालेली. छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय. पहिला विचार आला तो ऊसदराच्या मोर्चाचा. पाय आपोआप मागच्या फाटकाकडे वळले. मग लक्षात आलं की आपण कारखान्यावर नाही, आणि इथे मागचं फाटकही नाही.

पायमोज्यांपासून टोपीपर्यंत पिवळे झालेले एक आजोबा समोर आले आणि मला म्हणाले, ‘गो ब्लू!’ मी म्हणालो, ‘राम राम.’ नंतर कळलं, अगदी बरोबर बोललो होतो. मिशिगन विद्यापीठाच्या या गावात ‘गो ब्लू’ म्हणजे राम रामच. भेटताना म्हणायचं, निघताना म्हणायचं, दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसल्यावरही म्हणायचं. नुसतं निळंच का, पिवळं का नाही, हे मी विचारलं नाही. त्या पिवळ्याला ते मका म्हणतात, आणि ‘चल रे मक्या’ असं ओरडून कुणाला चेव येणार नाही हे मलाही समजतं.

दही मिळालं नाही. रस्ता ओलांडायलाच मिळाला नाही.

इथे माझी थोडी माहिती द्यायला हवी. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी छत्तीस गळीत हंगाम काढले आणि ३१ मे रोजी चीफ अकाउंटंट म्हणून निवृत्त झालो. निरोप समारंभात चेअरमनसाहेब म्हणाले, ‘आता साहेबांशिवाय कारखाना कसा चालायचा, हा मला प्रश्नच पडला आहे.’ आयुष्यभर चार आण्याच्या खिळ्यालाही व्हाउचर मागणाऱ्या मी ते वाक्य मात्र व्हाउचरशिवाय जमा करून घेतलं. तेच मनात धरून विमानात बसलो. सहा महिन्यांचा मुक्काम होता. तेवढ्यात तिकडे काही अडलं तर फोन येईल म्हणून मोबाइल आवाज मोठा करून उशाशी ठेवत होतो. कारखान्याचं ऑफिस सकाळी दहाला उघडतं तेव्हा अॅन आर्बरला रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. ‘कुणी करणार नाही हो फोन, झोपा,’ असं ही रोज म्हणायची. बायकांना कारखाना कळत नाही.

तर दह्याचं. घरी आल्यावर जावईबापूंनी खुलासा केला. ते याच विद्यापीठात शिकले आणि आता मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. गडी अबोल. लग्नात उखाणासुद्धा चिठ्ठी बघून घेतला होता. पण फुटबॉल म्हटलं की त्यांना कंठ फुटतो. ‘बाबा, आजपासून सीझन सुरू झाला,’ ते म्हणाले. सीझन! मी खुर्ची पुढे ओढली. मला खेळातलं काही कळत नाही, पण हंगाम कळतो.

त्यांचा हंगाम सप्टेंबरात पेटतो आणि नोव्हेंबरअखेर विझतो. बारा शनिवारी बारा सामने. नशीब आणि ताकद असेल तर पुढे जादाचे. त्या वर्षी बारांपैकी सात सामने गावात होते, आणि गळितावर आमचा तालुका जगतो तसं हे गाव त्या सात शनिवारांवर जगताना दिसतं. लोक घरापुढची हिरवळ गाड्या लावायला भाड्याने देतात. विद्यापीठाच्या गोल्फच्या मैदानावर, जिथे एरवी चप्पल घालून पाय ठेवायची माझी छाती झाली नसती, तिथे त्या दिवशी गाड्याच गाड्या. प्रत्येक गाडीची डिकी उघडी आणि डिकीमागे संसार मांडलेला: शेगडी, खुर्च्या, झेंडा, मांस भाजण्याचा वास. याला टेलगेटिंग म्हणतात. आमच्याकडे बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या गाडीपाशी असाच संसार मांडतात. हे लोक हौसेने मांडतात आणि संध्याकाळी घरी झोपायला जातात.

दोन आठवड्यांनी जावईबापूंनी मला आत नेलं. स्टेडियमचं नाव बिग हाऊस, बांधकाम १९२७चं. आम्ही गेलो त्या बाजूच्या रस्त्यावरून पाहिलं तर मोठं असं काही दिसत नाही. बेताच्या उंचीची विटांची भिंत. मनात म्हटलं, यापेक्षा आमचं साखरेचं गोदाम बरं. आत पाऊल टाकलं आणि खाली पाहिलं तर काय, ही विहीर आहे! सगळं जमिनीत खोल उतरवलेलं, आपण काठावर उभे, आणि चारी बाजूंच्या पायऱ्यांवर लाखभर माणसं. जावई म्हणाले, ‘बाबा, कपॅसिटी एक लाख सात हजार सहाशे एक.’

‘शेवटचा एक कशाला?’ शिल्लक जुळवायची सवय.

ती एक खुर्ची फ्रिट्झ क्रायस्लर या जुन्या प्रशिक्षकाच्या नावाने राखलेली म्हणे, आणि नेमकी कोणती ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून इथे कितीही वाढवलं-कमी केलं तरी आकड्याच्या शेवटी एक राहतोच. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘त्यात काय नवल? आहेराचा रुपया.’ अमेरिकेतली एकही गोष्ट आजवर मला इतक्या कमी शब्दांत कुणी समजावली नव्हती.

आता खेळ. अकरा-अकरा माणसं, शंभर यार्डांचं मैदान. चेंडू पुढे न्यायचा. चार प्रयत्नांत, त्यांच्या भाषेत चार डाऊनमध्ये, दहा यार्ड कापले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या ताब्यात. मी हे एफआरपीवरून, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या किमान दरावरून समजून घेतलं. चार हप्ते, दहा यार्ड. चौथ्या हप्त्यातही देणं फिटलं नाही तर कारखान्याची किल्ली शेतकऱ्याच्या हातात. असा नियम आमच्याकडे असता तर किती चेअरमन टिकले असते, याचा हिशेब मी मध्यंतरापर्यंत करत होतो. वेळ भरपूर होता. साडेतीन तासांच्या त्या कार्यक्रमात चेंडू खरोखर हलतो तो कुकरच्या चार-पाच शिट्ट्या होतील इतकाच वेळ. बाकी वेळ माणसं उभी असतात, पडलेली असतात किंवा उठत असतात. मध्येच एक गृहस्थ मैदानात येऊन उभा राहतो. तो उभा असेपर्यंत टीव्हीवर जाहिराती चालू, आणि तोवर बावीस पैलवान आणि लाखभर माणसं खोळंबलेली. एवढा अधिकार मी फक्त आमच्या काटा क्लार्कच्या अंगी पाहिला होता.

पण मला गुंतवलं ते खेळाने नव्हे. तिसऱ्या सामन्याला बसलो होतो तेव्हा विचारलं, ‘यांचा चेअरमन कुठला?’

‘हेड कोच? जिम हारबॉ. ते आज नाहीत, बाबा. सस्पेंड आहेत.’

मी ताठ बसलो. आता माझ्या ओळखीचा विषय आला होता.

कोरोनाच्या काळात होतकरू खेळाडूंना भेटायला बंदी होती. ती मोडून हारबॉ त्यांना भेटले आणि चौकशीत नीट खरं बोलले नाहीत, असा ठपका होता. लोकांच्या तोंडी मात्र एकच गोष्ट, की पोरांना बर्गर खाऊ घातला. शेवटी कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या अधिकाऱ्याला जाहीर सांगावं लागलं की प्रकरण चीजबर्गरचं नाही. अशा खुलाशांचा मला अनुभव आहे. चौकशी गेस्ट हाऊसच्या मटणाबद्दल नाही, असं आमच्याकडे एकदा नोटीस बोर्डावर लावलं होतं. त्यानंतर मटण सोडून लोक दुसरं काही बोललेच नाहीत. विद्यापीठाने पुढची मोठी शिक्षा टळावी म्हणून आपणच आपल्या माणसाला तीन सामने घरी बसवलं. तेही पहिले तीन, घरच्या मैदानावरचे, कच्च्या संघांविरुद्धचे. निलंबन आपणच करायचं आणि तारखाही आपणच सोयीच्या बघायच्या! साता समुद्रापार येऊन माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तीन सामन्यांना चार कार्यवाहक. पहिल्याला बचावाचा प्रमुख. दुसऱ्याच्या पूर्वार्धात हारबॉ यांचा मुलगा जे, उत्तरार्धात माइक हार्ट. तिसऱ्याला शेरोन मूर. चेअरमनच्या खुर्चीत चेअरमनचा मुलगा हे दृश्य मला नवं नव्हतं, पण अर्ध्या सामन्यापुरताच बसवला आणि तो मुकाट उठलाही, हे पाहून अमेरिकन लोकशाहीबद्दल आदर वाटला. निकाल ३०-३, ३५-७, ३१-६. तिन्ही जिंकले.

‘कच्चे संघ होते,’ मी घरी येऊन हिला म्हणालो. ‘मोठ्या सामन्याला माणूस लागतोच.’

‘कुणाबद्दल बोलताय?’ हिने विचारलं.

ऑक्टोबरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हारबॉ परत आले होते, खाकी पँट घालून कडेला उभे असायचे, आणि संघ समोर येईल त्याला ५२-१०, ५२-७ असा चिरडत होता. शेजारच्याच मिशिगन स्टेटला तर ४९-०. चरकात घातलेला ऊस बघावा तसं ते बघायचं. तिकडे कारखान्यात बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम झाला. निमंत्रणपत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. नावं मोजली, एकेचाळीस. आठवणीने पाठवली हे खरं, पण मी वाट पाहत होतो ती फोनची.

आणि मग इशाऱ्यांचं प्रकरण उघडं पडलं. ते ऐकताना मी जेवायचा थांबलो होतो.

पुढची चाल कोणती हे खेळाडूंना बाहेरून सांगावं लागतं. व्यावसायिक संघांत शिरस्त्राणात रेडिओ असतो. कॉलेजात तोवर नव्हता, तो २०२४च्या हंगामापासून आला. मग सांगायचं कसं? मैदानाच्या कडेला भडक कपड्यांतले दोघे-तिघे उभे राहून हातवारे करायचे. एक कान धरायचा, दुसरा पोट चोळायचा, तिसरा विमान उडवायचा. त्यांतला खरा एकच, बाकीचे फसवायला. काही संघ पलंगपोसाएवढे फलक धरायचे, त्यांवर चित्रं. हे इशारे समोरच्याने मैदानात उभं राहून ओळखले तर तो गुन्हा नाही, उलट हुशारी. पण पुढे ज्यांच्याशी गाठ पडायची आहे त्यांच्या सामन्याला आधीच माणूस पाठवून टेहळणी करणं १९९४पासून मना आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने गावोगावच्या सामन्यांची तिकिटं काढून, आपली माणसं बसवून हे हातवारे मोबाइलवर टिपून आणवले, असा आरोप झाला आणि ३ नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. चोरी करायला गेला आणि प्रत्येक तिकिटाची नोंद मागे ठेवली! हिशेबनीस म्हणून मला त्या माणसाबद्दल काय वाटलं ते लिहीत नाही.

जावईबापू दोन दिवस जेवले नाहीत. मी त्यांना म्हटलं, ‘अहो, आमच्या जनावरांच्या बाजारात या. दोन व्यापारी हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून बैलजोडीचा सौदा करतात. चारशे माणसं भोवती उभी असतात, बैलाच्या मालकालासुद्धा भाव कळत नाही. एका रुमालाचं काम, आणि तुमच्या विद्यापीठाला १८१७पासून ते सुचलं नाही?’ ते म्हणाले, ‘बाबा, चाल खेळवणारा क्वार्टरबॅक चाळीस यार्ड लांब असतो.’ हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी. दुसऱ्या दिवशी पेन्सिल्व्हेनियात पेन स्टेटशी सामना, हंगामातला पहिला खरा पैलवान. धनत्रयोदशीलाच बिग टेन या त्यांच्या गटाच्या आयुक्तांनी हुकूम काढला की उरलेल्या तिन्ही साखळी सामन्यांत हारबॉ मैदानावर दिसता कामा नयेत. विद्यापीठ कोर्टात धावलं. कोर्टाला सुट्टी. चेअरमन पुन्हा घरी, खुर्चीत पुन्हा शेरोन मूर.

मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल.

घरात चकल्या तळणं चाललं होतं. मूर यांनी काय करावं? चेंडू फेकणंच बंद केलं. या खेळाची सगळी शान लांबून चेंडू फेकण्यात, आणि यांनी ओळीने बत्तीस चालींत चेंडू नुसता काखेत दिला आणि सांगितलं, पळ. ब्लेक कोरम म्हणून बुटका, आडवा गडी आहे, तो पळाला. दुसरा पळाला. पुन्हा कोरम. समोरच्यांना माहीत होतं, प्रेक्षकांना माहीत होतं, आणि आमच्या हिलाही माहीत होतं. ‘परत तोच पळणार बघा,’ ही झारा हातात घेऊन म्हणायची, आणि तोच पळायचा. इशारे चोरायचे कुणी आणि कशाला? २४-१५ ने जिंकले. संपल्यावर मूर टीव्हीच्या माइकपुढे उभे राहिले आणि ढसाढसा रडले. देवाचे आभार, हारबॉंचे आभार, मध्ये दोन शब्द आकाशवाणीवर न चालणारे. एवढा धिप्पाड गृहस्थ! ‘अहो, कुणाचं लेकरू आहे हे?’ ही म्हणाली, ‘दिवाळीच्या दिवशी घरचं कुणी जवळ नाही का त्याच्या?’ आणि टीव्हीपुढे नेऊन चकलीची बशी ठेवली.

पुढच्या शनिवारी मेरीलँडला ३१-२४ ने हरवलं. १८७९ साली खेळायला लागल्यापासूनचा हा हजारावा विजय. एक हजाराला पोचलेलं पहिलं कॉलेज तेच. आणि ज्यांच्या नावावर तो मांडायचा ते साहेब तेव्हाही मैदानाबाहेर.

मग ओहायो. हे भांडण समजायला मला मिनिटही लागलं नाही, कारण मुळात तो सीमाप्रश्न आहे. १८३५ साली टोलेडो गाव कुणाचं यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांवर सैन्य काढलं होतं. टोलेडो ओहायोला गेलं आणि बदल्यात मिशिगनला उत्तरेचा जंगली मुलूख मिळाला. आयोग नाही, अहवाल नाही, तारखा नाहीत. तेव्हापासून नसलं तरी १८९७पासून ते भांडण चेंडूवर चालतं. त्या आठवड्यात कोलंबसला ओहायो स्टेटच्या आवारात जिथे जिथे ‘एम’ अक्षर दिसेल तिथे लाल फुली मारतात. मी बेळगावच्या पाट्या पाहिलेला माणूस. मला घरच्यासारखं वाटलं.

२५ नोव्हेंबर. थंडी इतकी की जावयाने मला तीन स्वेटर, दोन टोप्या आणि त्यावर पिवळा रेनकोट चढवला. मी मक्याच्या कणसासारखा दिसत होतो. तिसऱ्या टप्प्यात मिशिगनचा झॅक झिंटर हा कप्तान पाय मोडून पडला. तो लाखाचा जमाव असा गप्प झाला की झेंड्याची दोरी वाजलेली ऐकू आली. त्याला गाडीवर घालून नेलं, आणि लगेच पुढच्याच चालीत कोरम बावीस यार्ड पळत थेट शेवटच्या रेषेपार. गेल्यावर त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवलं. झिंटरचा क्रमांक पासष्ट. शेजारचे अनोळखी गृहस्थ माझ्या गळ्यात पडून रडत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालो, ‘होईल बरं, होईल.’ मराठीत म्हणालो, त्यांना पोचलं. पंचवीस सेकंद उरले असताना ओहायोचा चेंडू हवेतच पकडला आणि ३०-२४. सगळी विहीर मैदानात उतरली. जावईबापूही. मला त्यांच्या पिशव्या सांभाळायला ठेवून.

सहा सामने साहेबाविना, सहाही जिंकलेले. घरी येताना मी गाडीत गप्प होतो. ऊसदराच्या आंदोलनात त्या आठवड्यात आमच्याकडे उसाच्या गाड्या अडल्या होत्या. अशा वेळी मागची सगळी देणी मुखोद्गत असलेला एकच माणूस कारखान्यात होता. फोन तरीही नाही.

त्यानंतर इंडियानापोलिसला आयोवाचा २६-० असा निकाल लावला, तेव्हा हारबॉ परत आले होते. १ जानेवारीला पॅसाडेनाचा रोझ बोल. हा सामना पहिल्यांदा १९०२ साली झाला तेव्हा याच मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं बडवलं. शेवटची आठ मिनिटं उरली असताना समोरच्यांनी हात जोडले. आयोजकांनी धसका घेतला आणि पुढे कित्येक वर्षं फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परतला तो १९१६ला. या वेळी समोर अलाबामा होतं आणि रथांची गरज पडली नाही. दीड मिनिट उरलं असताना मिशिगनने बरोबरी केली, मग स्वतःच्या उंबऱ्यावर चेंडू हातातून सांडला, तो कसाबसा उचलला. जादा वेळ. कोरम पुन्हा पळाला, २७-२०. आता अलाबामाची पाळी. तीन प्रयत्न संपले, चौथा उरला. रेषा तीन यार्डांवर. जावई खुर्चीवर उभे. नातू पलंगाखाली. हिने देवघरातला दिवा आणून टीव्हीपाशी ठेवलेला.

आणि माझा फोन वाजला.

पावणेनऊ वाजले होते. म्हणजे तिकडे सकाळचे सव्वासात. पडद्यावर कारखान्याचा नंबर. माझ्या जागी आलेला पोरगा. ‘साहेब, झोपला नव्हता ना? जरा अडचण आलीय. जुन्या कपाटाची किल्ली...’

‘अरे, चौथा डाऊन आहे!’ मी ओरडलो. ‘नंतर कर!’ आणि फोन बंद केला.

अलाबामाचा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मधूनच घुसला, आणि तिथे मिशिगनची सगळी भिंत त्याच्यावर कोसळली. पुढचं मला नीट आठवत नाही. नातवाच्या म्हणण्याप्रमाणे आबा सोफ्यावर चढले होते.

अर्ध्या तासाने मी फोन लावला. ‘सापडली साहेब,’ पोरगा म्हणाला, ‘तुमच्याच ड्रॉवरमध्ये होती. तसं काही अडलं नव्हतं.’

८ जानेवारीला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवून मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले. पंधरापैकी पंधरा. २४ तारखेला हारबॉ लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे निघून गेले, आणि दोन दिवसांनी त्यांची खुर्ची शेरोन मूर यांना कायमची म्हणून दिली. चौकशीचा निकाल लागला थेट २०२५च्या ऑगस्टमध्ये. दंड कोट्यवधी डॉलरचा, पण जिंकलेला एकही सामना पुसला नाही.

मी फेब्रुवारीत सांगलीला परतलो. कारखान्यावर गेलो तर चहा दिला, खुर्ची दिली, हंगाम चांगला चालल्याचं सांगितलं. निघताना फाटकावरचा वॉचमन म्हणाला, ‘राम राम साहेब.’ मी म्हणालो, ‘गो ब्लू.’